वारा डेन्मार्कचा, पाणी नॉर्वेचं

१२ डिसेंबर २०२४च्या संध्याकाळी दक्षिण नॉर्वेत विजेचा भाव करासकट युनिटला सुमारे १३ क्रोनरवर गेला. आपल्या हिशोबात शंभर रुपयांच्या घरात. नॉर्वेत त्या दिवशी काहीही बिघडलं नव्हतं. धरणांत पाणी होतं, टर्बाइन धडधाकट होते, तारा शाबूत होत्या. अडचण होती ती जर्मनीत. तिथे वारा पडला होता, डिसेंबरातलं ऊन आधीच नावापुरतं, त्यात ढगाळ हवा. पवनचक्क्या आणि सौर पॅनेल दोन्ही एकाच वेळी बसले आणि संध्याकाळी पाच ते सहा या तासासाठी जर्मन बाजारात मेगावॅट-तासाला ९३६ युरो भाव फुटला. समुद्राखालच्या केबलमधून तो भाव नॉर्वेत पोचला. त्याच दिवशी उत्तर नॉर्वेत, ट्रॉम्सोकडे, वीज जवळजवळ फुकट मिळत होती, कारण तिथली वीज दक्षिणेत आणायला पुरेशा तारा नाहीत. नॉर्वेच्या ऊर्जामंत्र्यांनी एका ब्रिटिश वृत्तपत्राशी बोलताना या परिस्थितीला जे विशेषण लावलं, ते इथे छापता येणार नाही. स्वीडनच्या ऊर्जामंत्री बाई आपण जर्मनांवर संतापलो आहोत, असं उघडपणे म्हणाल्या.

हे सगळे देश एकमेकांचे जुने मित्र. त्यांची वीजव्यवस्था जगभरात आदर्श म्हणून दाखवली जाते. सौर आणि पवन ऊर्जेच्या काळात देशांनी आपापल्या ग्रिड जोडाव्यात हा सल्ला ज्या उदाहरणावर उभा आहे, ते उदाहरण हेच. आणि सल्ला बरोबरही आहे. एका ठिकाणी वारा पडतो तेव्हा दुसरीकडे वाहत असतो, एका देशात ढग असतात तेव्हा दुसऱ्या देशातली धरणं भरलेली असतात. जेवढा प्रदेश मोठा, तेवढी निसर्गाची लहर सौम्य. पण केबल टाकताना फक्त वीज इकडची तिकडे जाईल असं वाटत असतं, आणि प्रत्यक्षात तिच्याबरोबर भावही जातो. तंत्रज्ञांचं काम कधीच संपलेलं असतं; शेजाऱ्याचा भाव आपल्या घरात का यावा, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

न वापरलेलं पाणी

नॉर्वेची दक्षिण किनारपट्टी आणि डेन्मार्कचा जटलंड द्वीपकल्प यांच्यामध्ये स्कागेराक ही सामुद्रधुनी आहे. १९७६ आणि १९७७ मध्ये तिच्या तळावर दोन केबल टाकल्या गेल्या, प्रत्येकी २५० मेगावॅटच्या. तिसरी १९९३ मध्ये आली, चौथी २०१४च्या अखेरीस. आज चारींची मिळून क्षमता सुमारे १,७०० मेगावॅट आहे.

पहिल्या केबल टाकल्या तेव्हा पवनऊर्जेचा विचार त्यांमागे नव्हता. १९७३च्या तेलसंकटाने डेन्मार्क होरपळला होता आणि आपली वीजकेंद्रं तेलावरून कोळशावर आणत होता. नॉर्वेची चिंता वेगळी होती. त्या देशाची जवळजवळ सगळी वीज पाण्याची, घरंसुद्धा विजेवरच तापवतात, आणि पाऊस व बर्फ दर वर्षी सारखे पडत नाहीत. कोरड्या वर्षी कडाक्याच्या थंडीत धरणं तळाला गेली तर काय? म्हणून सौदा असा, की ओल्या वर्षी नॉर्वेने पाण्याची वीज द्यायची आणि कोरड्या वर्षी डेन्मार्कने कोळशाची. पुढे १९८५ मध्ये डॅनिश संसदेने अणुऊर्जेवर फुली मारली, १९९१ मध्ये विंडेबीजवळच्या समुद्रात अकरा पवनचक्क्यांचं जगातलं पहिलं सागरी पवनक्षेत्र उभं राहिलं, आणि आता डेन्मार्कच्या वापरातली निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून येते. कोळशासाठी टाकलेली केबल वाऱ्याच्या कामी आली. पायाभूत सुविधांचं हे असंच असतं. ज्या कारणासाठी त्या बांधल्या जातात, त्याच कारणासाठी त्या क्वचितच ओळखल्या जातात.

ही केबल डीसी आहे. घरात येते ती एसी वीज, सेकंदाला पन्नास आवर्तनं करत दिशा बदलत राहणारी. समुद्राखालच्या लांब केबलमध्ये एसी चालत नाही, कारण विद्युतरोधक आवरणात गुंडाळलेली केबल स्वतःच एक मोठा कपॅसिटर बनते आणि प्रत्येक दिशाबदलात तिलाच भरण्यात आणि रिकामी करण्यात करंट खर्ची पडतो. काही अंतरानंतर पलीकडे पोचवायला फारसं काही उरत नाही. डीसीत ही भानगड नाही. स्वीडनने १९५४ मध्ये गॉटलंड बेटापर्यंत ९८ किलोमीटरची, २० मेगावॅटची डीसी केबल टाकून ते व्यापारी पातळीवर सिद्ध केलं होतं. त्यामागे उनो लाम या अभियंत्याचं पारा भरलेल्या व्हॉल्व्हवरचं अनेक वर्षांचं काम होतं. डीसीचा दुसरा फायदा असा, की दोन टोकांच्या ग्रिड एकाच तालात चालत असण्याची गरज पडत नाही. डेन्मार्कच्या बाबतीत हे फारच उपयोगी ठरतं, कारण तो एक देश दोन ग्रिडमध्ये विभागलेला आहे. जटलंड जर्मनीसह मुख्य युरोपच्या तालावर चालतं, कोपनहेगन असलेलं झीलंड बेट स्वीडन-नॉर्वेच्या. देशाचे हे दोन तुकडे एकमेकांना थेट केबलने जोडले गेले ते २०१० मध्ये, म्हणजे दोन्ही तुकडे परदेशांशी जोडले गेल्यानंतर कित्येक दशकांनी.

आता मुख्य युक्ती. डेन्मार्कमध्ये रात्री जोराचा वारा सुटतो, मागणी कमी असते, भाव कोसळतो. त्या वेळी ती वीज नॉर्वेत येते. नॉर्वे ती वापरून पाणी वर चढवतो, असा अनेकांचा समज असतो. बहुतेक वेळा तसं काही करावं लागत नाही. नॉर्वे आपल्या टर्बाइनचे दरवाजे बंद करतो, बस. क्रिस्टियानसानमधलं घर डॅनिश वाऱ्यावर तापतं आणि डोंगरातलं पाणी जागच्या जागी राहतं. दोन दिवसांनी वारा पडला की तेच पाणी सोडायचं आणि वीज दक्षिणेकडे पाठवायची. साठवणुकीची यापेक्षा स्वस्त पद्धत नाही, कारण इथे काही न करणं हीच साठवणूक आहे.

हे जमतं ते नॉर्वेच्या जलाशयांमुळे. हजाराहून अधिक जलाशयांत मिळून सुमारे ८,७०० कोटी युनिट वीज देऊ शकेल इतकं पाणी मावतं. देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या निम्म्याहून जास्त, आणि युरोपातल्या सगळ्या जलाशयांच्या साठवणीच्या जवळपास निम्मं. एकट्या ब्लोशो जलाशयात ७८० कोटी युनिटचं पाणी राहतं. आपल्याकडची १,९६० मेगावॅटची कोयनासुद्धा मागणी चढली की काही मिनिटांत धावून येते, पण तिच्या पाण्याला लवादाची मर्यादा आहे आणि पाऊस चार महिन्यांचा. नॉर्वेचं पाणी एका ऋतूतून दुसऱ्या ऋतूत नेता येतं. आजच्या मोठ्यातल्या मोठ्या बॅटऱ्या काही तासांची सोय करतात. तासांचा आणि महिन्यांचा हा फरक पवनऊर्जेच्या बाबतीत निर्णायक आहे, कारण उत्तर युरोपात वारा पडतो तो कधीकधी आठवडाभर.

साहजिकच सगळ्यांना नॉर्वेशी जोडून घ्यायचं होतं. २००८ मध्ये नेदरलँड्सपर्यंत ५८० किलोमीटरची केबल गेली. २०२१ मध्ये जर्मनीपर्यंतची आणि ब्रिटनपर्यंतची अशा दोन केबल सुरू झाल्या, प्रत्येकी १,४०० मेगावॅटच्या. ब्रिटनची केबल क्विलडालच्या जलविद्युत केंद्राजवळून निघते आणि ७२० किलोमीटरवर इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या ब्लाइथ या जुन्या कोळसा-बंदरात वर येते. नॉर्वे म्हणजे युरोपची हरित बॅटरी, असं तेव्हा सगळीकडे म्हटलं जात होतं.

दुपारी बारा वाजता

केबल असली म्हणून वीज कुठल्या दिशेने जाणार हे कोण ठरवतं? सुरुवातीला कंपन्यांचे अधिकारी फोनवर ठरवत. तुझ्याकडे आज स्वस्त आहे का, माझ्याकडे महाग पडते आहे, फायदा निम्मा-निम्मा. कारभार सभ्य होता, ओळखीपाळखीचा होता, आणि बाहेरच्याला त्यातलं काही दिसत नसे.

नॉर्वेने १९९० मध्ये नवा ऊर्जा कायदा केला आणि वीजनिर्मितीत स्पर्धा आणली. १९९३ मध्ये वीजबाजार सुरू झाला, १ जानेवारी १९९६ पासून स्वीडन त्यात आला आणि दोन देशांचा मिळून चालणारा जगातला पहिला वीजबाजार उभा राहिला. तोच नॉर्ड पूल. १९९८ मध्ये फिनलंड आला, १९९९ आणि २००० मध्ये डेन्मार्कचे दोन तुकडे एकामागून एक आले. आज जवळजवळ सगळा युरोपीय संघ आणि नॉर्वे एकाच दैनिक लिलावात आहेत. मध्य युरोपच्या वेळेनुसार दुपारी बारापर्यंत प्रत्येक उत्पादकाने आणि खरेदीदाराने उद्याच्या प्रत्येक कालखंडासाठी आपली बोली लावायची. मग एक संगणकप्रणाली सगळ्या बोल्या, सगळ्या सीमा आणि प्रत्येक सीमेवरची क्षमता एकत्र घेऊन गणित सोडवते, आणि तासाभरात उद्याचे भाव व उद्याचे प्रवाह दोन्ही एकदमच बाहेर पडतात. हा कालखंड आधी तासाचा होता, १ ऑक्टोबर २०२५पासून पंधरा मिनिटांचा झाला. (आपल्या वीज-एक्सचेंजमध्ये पंधरा मिनिटांचे ९६ कालखंड आधीपासूनच आहेत. याबाबतीत युरोपला उशीर झाला.)

भाव आणि प्रवाह एकदम ठरतात याला महत्त्व आहे. पूर्वी अनेक सीमांवर केबलमधली जागा वेगळी विकत घ्यावी लागे आणि वीज वेगळी. व्यापारी आदल्या दिवशी अंदाजाने जागा घेऊन ठेवत, अंदाज चुके, आणि वीज कधीकधी महाग देशातून स्वस्त देशाकडे वाहे! लिलाव एकत्र झाल्यावर हा वेडेपणा थांबला.

गणित समजायला सोपं आहे. समजा, उद्या एका तासाला डेन्मार्कमध्ये युनिट २० ओरला मिळेल आणि नॉर्वेत ८० ओरला. (शंभर ओरचा एक क्रोनर.) प्रणाली डेन्मार्ककडून नॉर्वेकडे वीज ढकलायला लागते. जसजशी वीज जाते तसतसा डेन्मार्कचा भाव चढतो, नॉर्वेचा उतरतो. केबल भरण्याआधीच दोन्ही भाव भेटले तर दोन्हीकडे एकच भाव. केबल आधी भरली तर फरक शिल्लक राहतो. समजा तो ४० ओर राहिला, तर १,७०० मेगावॅटच्या केबलवर त्या एका तासात ६ लाख ८० हजार क्रोनर जमा होतात. हे पैसे केबलच्या मालकांचे, म्हणजे नॉर्वेच्या स्टॅटनेट आणि डेन्मार्कच्या एनर्जिनेट या सरकारी पारेषण कंपन्यांचे. भावातला फरक जितका मोठा, तितकी त्या जागी आणखी केबल टाकण्याची गरज मोठी, असं बाजार त्यातून सांगत असतो.

यात एक बारीक गोष्ट दडलेली आहे. धरणातल्या पाण्याला इंधनखर्च नाही. मग नॉर्वेतला धरणमालक बोली काय लावतो? आज सोडलेलं पाणी उद्या विकता येणार नाही, म्हणून आजच्या पाण्याची किंमत म्हणजे ते पुढे कधीतरी ज्या भावाने विकता आलं असतं तो भाव. केबल नव्हती तेव्हा हा 'पुढचा भाव' नॉर्वेतल्या नॉर्वेत ठरत होता. केबल आल्यावर पलीकडचा माणूस काय द्यायला तयार आहे, हेही त्यात आलं. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, गॅसचे भाव उसळले, आणि पाण्यावर चालणाऱ्या दक्षिण नॉर्वेत वीज गॅसच्या भावाने विकली जाऊ लागली. त्या वर्षी तिथे पाऊसही कमी झाला होता. महागाईत दुष्काळाचा वाटा किती, युद्धाचा किती आणि केबलचा किती, यावर नॉर्वेत अजून भांडणं चालू आहेत.

एका जहाजासाठी

भावाच्या वादाआधी बिघाडाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ग्रिड जोडण्याला सर्वात जुना आक्षेप तो आहे: शेजाऱ्याचा अंधार आपल्या घरी येईल.

४ नोव्हेंबर २००६च्या रात्री उत्तर जर्मनीत पापेनबुर्गच्या गोदीतून 'नॉर्वेजियन पर्ल' हे नवंकोरं प्रवासी जहाज एम्स नदीतून समुद्राकडे निघालं. नदीवरून ३८० किलोव्होल्टची दुहेरी वाहिनी जाते. एवढं उंच जहाज खालून जायचं म्हणजे खबरदारी म्हणून वाहिनी बंद करतात. हे आधीही झालेलं होतं. या वेळी गोदीच्या विनंतीवरून वेळ काही तास अलीकडे आणली गेली आणि शेजारच्या ग्रिडचालकांना ती नीट कळवली गेली नाही. वाहिनी बंद झाल्यावर तिचा भार दुसऱ्या वाहिन्यांवर गेला. त्यातली एक काठावर आली, ती सावरायला घाईने केलेला बदल उलटा पडला, आणि रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी काही सेकंदांत युरोपची ग्रिड तीन तुकड्यांत फुटली. पश्चिमेच्या तुकड्यात वीज कमी पडली, फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाची आवर्तनं, पन्नासवरून ४९ हर्ट्झपर्यंत उतरली आणि दीड कोटींहून अधिक घरांची वीज आपोआप तोडली गेली, पार स्पेनपर्यंत. ईशान्येच्या तुकड्यात उलट, वीज जास्त झाली. तिथल्या पवनचक्क्या आधी सुटल्या आणि मग कोणी न सांगता पुन्हा जोडल्या जाऊ लागल्या, त्यामुळे नियंत्रकांची आणखी तारांबळ उडाली.

पण पुढचं वाक्य सहसा सांगितलं जात नाही: ३८ मिनिटांत तिन्ही तुकडे पुन्हा एक झाले होते आणि दोन तासांच्या आत बहुतेक सगळीकडे दिवे आले होते. बिघाड पसरला तो जोडणीमुळे, आणि सावरलाही तिच्यामुळेच. २८ एप्रिल २०२५ला स्पेन आणि पोर्तुगाल पूर्ण काळोखात गेले, तेव्हा ग्रिड पुन्हा उभी करायला फ्रान्स आणि मोरोक्कोच्या वाहिन्यांचा आधार मिळाला.

एकाच तालात चालण्याचे विनोदी परिणामही असतात. २०१८च्या जानेवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत सर्बिया आणि कोसोवो यांच्यातल्या राजकीय भांडणामुळे तिथल्या ग्रिडमध्ये जेवढी वीज घालायला हवी होती तेवढी कोणी घातली नाही. एकूण तूट ११.३ कोटी युनिटची. त्यामुळे पोर्तुगालपासून तुर्कस्तानपर्यंत फ्रिक्वेन्सी किंचित कमी राहिली आणि विजेची आवर्तनं मोजून चालणारी घड्याळं, म्हणजे ओव्हनवरची, रेडिओवरची, जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली. कोसोवोची वीज कोणी भरायची याचा निकाल लागेपर्यंत अर्धा युरोप उशिरा उठत होता.

ताल कोणाचा, हा प्रश्न मात्र गंभीर आहे. एस्टोनिया, लाटविया आणि लिथुआनिया स्वतंत्र होऊन तीन दशकं उलटली तरी त्यांच्या ग्रिडचा ताल मॉस्कोतून सांभाळला जात होता. ८ फेब्रुवारी २०२५ला त्यांनी रशियाकडच्या वाहिन्या तोडल्या, एक दिवस स्वतःच्या बळावर काढला आणि ९ फेब्रुवारीला पोलंडमार्गे युरोपशी जोडले गेले.

कांद्याचा प्रश्न

नॉर्वेतला वाद नाशिक जिल्ह्यातल्या वाचकाला फारसा समजावून सांगावा लागणार नाही. निर्यात खुली असली की लासलगावला कांद्याचा भाव चढतो. शेतकरी खूश, शहरातलं गिऱ्हाईक नाराज. ८ डिसेंबर २०२३ ते ४ मे २०२४ या काळात केंद्र सरकारने निर्यातबंदी घातली, तेव्हा पारडं उलटं झालं. नॉर्वेत केबल म्हणजे खुली निर्यात. फरक एवढाच, की तिथल्या जलविद्युत केंद्रांपैकी सुमारे नव्वद टक्के मालकी सरकारची आणि नगरपालिकांची आहे. भाव चढला की नफा लोकांच्याच तिजोरीत जातो. मग तक्रार कसली?

तक्रार अशी, की नफा तिजोरीत जातो आणि बिल घरी येतं. सरकारने २०२१च्या डिसेंबरपासून अनुदान सुरू केलं. ठरावीक मर्यादेवरच्या भावातला मोठा हिस्सा, पुढे नव्वद टक्क्यांपर्यंत, सरकार भरू लागलं. १ ऑक्टोबर २०२५पासून घरगुती ग्राहकांना करापूर्वी ४० ओरचा स्थिर भाव निवडण्याची सोय मिळाली. हा उपाय लोकप्रिय आहे आणि मला तो थोडा विचित्रही वाटतो. टंचाईच्या तासात वापर कमी करा, असं सांगण्यासाठी सगळी लिलावव्यवस्था उभारायची, आणि मग घरातल्या माणसापर्यंत तो निरोप पोचू नये म्हणून सरकारने पैसे भरायचे. पण उणे पंधरा अंशांत घर तापवणाऱ्या म्हातारीला बाजाराचा निरोप वाचायला सांगणारा राजकारणी निवडून येत नाही, हेही खरं.

मार्च २०२३ मध्ये नॉर्वेने स्कॉटलंडकडे जाणाऱ्या नव्या केबलचा प्रस्ताव फेटाळला. ३० जानेवारी २०२५ला युरोपीय संघाचे ऊर्जाविषयक नियम स्वीकारण्यावरून सेंटर पार्टी सरकारमधून बाहेर पडली. मजूर पक्षाने तर स्कागेराकच्या पहिल्या दोन केबलचं आयुष्य २०२६ मध्ये संपलं की त्या पुन्हा टाकायच्या नाहीत, अशी भूमिका घेतली. म्हणजे वाद जर्मनीच्या भावावरून आणि कात्री लागायची ती डेन्मार्कच्या केबलला, जी सर्वात जुनी आणि सर्वात कमी तक्रारीची. कोरड्या वर्षांत, उदाहरणार्थ २००२-०३च्या हिवाळ्यात, आयात विजेनेच नॉर्वेला हात दिला होता. पण आलेल्या संकटाचं बिल माणूस जपून ठेवतो, टळलेल्या संकटाची पावती कोणी देत नाही. 'हरित बॅटरी' म्हणून केबलचा प्रचार करणाऱ्यांनी हवामानबदलाबद्दल पुष्कळ सांगितलं, भावाबद्दल मात्र जेवढ्यास तेवढं. विश्वास गेला तो तिथे, असं माझं मत आहे.

जर्मनीकडेही बोट जातं, आणि ते योग्य आहे. जर्मनीचा वारा उत्तरेला, कारखाने दक्षिणेला, आणि दोघांना जोडणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या. सूडलिंक ही सुमारे ७०० किलोमीटरची मुख्य वाहिनी आधी २०२२ मध्ये व्हायची होती. गावोगावी विरोध झाला, ती जमिनीखालून न्यायचं ठरलं, आता २०२८ची तारीख सांगतात. तरीही बाजाराच्या लेखी संपूर्ण जर्मनी एकच भावक्षेत्र आहे, जणू हॅम्बुर्गपासून म्युनिकपर्यंत वीज बिनअडथळा वाहते. कागदावर वाहते, प्रत्यक्षात ती पोलंड आणि चेकियाच्या तारांतून वळसा घालून जाते, इतकी की त्या देशांनी ती अडवायला सीमेवर खास ट्रान्सफॉर्मर बसवले. स्वीडनला याचा जास्त राग, कारण तो स्वतःच्या अंतर्गत अडचणी निस्तरायला निर्यात रोखतो, अशी डेन्मार्ककडून तक्रार झाल्यावर युरोपीय आयोगाच्या दबावाने त्याला २०११ मध्ये देशाचे चार भावक्षेत्रांत तुकडे करावे लागले होते. आम्ही केलं ते जर्मनी का करत नाही, असं विचारत स्वीडनने जून २०२४ मध्ये जर्मनीकडे जाणाऱ्या नव्या ७०० मेगावॅटच्या केबलला नकार दिला.

ढलकेबर ते मुझफ्फरपूर

आपल्याकडे हा प्रवास आधी देशांतर्गत झाला. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रिड उरलेल्या भारताच्या तालात आली. तोवर दक्षिणेतला एक्सचेंजचा भाव अनेकदा देशापेक्षा चढा असे. सोलापूरच्या विजेवर कर्नाटकाचा हक्क काय, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, कारण निर्णय दिल्लीचा होता आणि सरकार एकच होतं. सीमा ओलांडली की तो प्रश्न विचारला जातोच.

नेपाळच्या ढलकेबरपासून बिहारच्या मुझफ्फरपूरपर्यंतची वाहिनी २०१६ मध्ये सुरू झाली. काही वर्षांपूर्वी ज्या देशात दिवसाला सोळा-अठरा तास भारनियमन होतं, त्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये ३९ मेगावॅटपासून भारताच्या एक्सचेंजवर वीज विकायला सुरुवात केली. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॅटचा करार झाला. ज्या प्रकल्पात चिनी कंपनीचा हात असेल त्याची वीज भारत घेत नाही, आणि नेपाळचे अनेक प्रकल्प चिनी ठेकेदारांनी बांधलेले आहेत. काठमांडूत यावरून सतत कुरबुर असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांतून बांगलादेशात, युनिटला ६.४ अमेरिकी सेंट भावाने, आणि तीही फक्त १५ जून ते १५ नोव्हेंबर या काळात. पुरवठा सुरू झाला तो १५ नोव्हेंबर २०२४ला, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या दिवशी. पुढची वीज गेली ती २०२५च्या जूनमध्ये.

हंगामाची अट का, हे नेपाळच्या नद्या पाहिल्या की कळतं. नॉर्वेच्या जागी आशियात नेपाळला बसवणारे नकाशे परिषदांमध्ये नेहमी दाखवले जातात, पण नेपाळची बहुतेक केंद्रं वाहत्या पाण्यावर चालतात. मोठं म्हणावं असं साठवणीचं काम कुलेखानीच्या जलाशयावरच आहे आणि तिथल्या तिन्ही केंद्रांची क्षमता मिळून शंभर मेगावॅटच्या किंचित वर जाते. पावसाळ्यात नद्या फुगल्या की वीज विकावीच लागते, नाही तर पाणी तसंच वाहून जातं. आणि त्याच वेळी भारतातली धरणंही भरलेली असतात. हिवाळ्यात नद्या आटतात तेव्हा नेपाळ भारताकडून वीज विकत घेतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षात त्याची निर्यात आयातीपेक्षा पहिल्यांदाच जास्त झाली, तीही जेमतेम. कधी विकायचं हे विक्रेत्याला ठरवता येत नाही, तोवर केबल कितीही जाड असली तरी भाव पलीकडचाच राहणार. बुढी गंडकीचा १,२०० मेगावॅटचा साठवण प्रकल्प हे चित्र बदलू शकेल; तो पुनर्वसन, पैसा आणि ठेका कोणाला या तीन प्रश्नांत कित्येक वर्षं अडकून पडला आहे.